मला सांगू नका

"मला सांगू नका!" असं ओरडून तो पाठ फिरवायचा. अर्धीमुर्धी नाही, पूर्ण. भिंत असेल तर भिंतीकडे तोंड, भिंत नसेल तर उसाकडे. दोन्ही कानांत बोटं घालायचा आणि घरातलं माणूस "झालं" म्हणून खांद्याला हात लावेपर्यंत तसाच उभा राहायचा. आमच्या येडगावच्या शिवारात त्यानं हे पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारच्या मळ्यातली म्हातारी त्याला म्हणाली, "बाबा, आडोसा पायजे असंल तर गोठ्यामागं जा. हितं नगं."

तो कॅमेरे बसवणारा होता. आळेफाट्यावर दुकान. त्या बाजूनं गेला असाल तर तुम्हीही पाहिला असेल. मोटरसायकलला बांधलेली शिडी, शिडीच्या टोकाला लाल फडकं आणि कानावर टेस्टर, सुतार पेन्सिल ठेवतो तसा. उंच, पुढे वाकलेला. चपलेत मोजे घालायचा. का, ते मी विचारलं नाही आणि आता विचारता येणार नाही. नावही सांगत नाही. सांगितलेलं त्याला आवडलं नसतं.

तो मूळचा आणे गावचा, वरच्या पठारावरचा. माझंही माहेर तेच, म्हणून मला आत्या म्हणायचा. रक्ताचं नातं काही नव्हतं. पण माहेरच्या गावचं कुत्रं दारात आलं तरी बाई भाकरी टाकते, हा तर चांगला दोन पायांचा माणूस. आला की ताक मागायचा. चहा घेत नसे.

आधी तो शेतातल्या मोटारी भरून द्यायचा, जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळायचा. पुढे बिबटे वाढले आणि कॅमेऱ्यांचा धंदा निघाला. आमच्याकडे बिबट्या हा पाहुणा नाही, भाडेकरू आहे. उसात राहतो, भाडं देत नाही, वर कुत्री नेतो. आमचंही नेलं. तेव्हा माझ्या मुलानं, तो चाकणला कंपनीत असतो, दोन कॅमेरे बसवून घेतले. एक फाटकावर, रस्त्याकडे बघणारा. एक गोठ्यावर. मान वळवणारे होते आणि बोलणारेही होते. मुलगा चाकणहून त्यातून विचारायचा, "आई, गोळी घेतली का?" मी म्हणायची, "घेतली." घेतलेली नसायची.

कॅमेरा बसवून झाला की त्याला पासवर्ड लागतो. म्हणजे कुलपाची किल्ली, पण शब्दाची. त्यानं विचारलं, "काय ठेवू, आत्या?" मी म्हणाले, "मला काय कळतंय? चौथी शिकलेली बाई मी." सुनेनंही मान हलवली. तेव्हा त्यानं कपाळावर दोन बोटं आपटली. "ऱ्हाऊ द्या. ध्यानात हाय माझ्या. तुमी कशाला डोकं शिणवता?"

तेव्हा हेच त्याचं पालुपद होतं. ध्यानात हाय माझ्या. घरोघरी हेच. खाली आंबेगावापर्यंत शे-सव्वाशे घरं असतील. कुणी पासवर्ड विसरलं की त्याला फोन करायचं, तो जिथे असेल तिथून सांगायचा. सगळ्या घरांना एकच शब्द ठेवला होता, म्हणून सांगणं सोपं होतं. कुकडी नदीचं नाव आणि पुढे एक दोन तीन. वर आणखी सोय म्हणून मीटरच्या पेटीच्या झाकणावर, आतल्या बाजूनं, काळ्या शाईनं लिहूनही ठेवायचा. एकाच किल्लीनं सगळ्या तालुक्याची कुलपं उघडतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हाला ते सोयीचं वाटत होतं.

एक दिवस सकाळी मी शेण भरत होते. वरून आवाज आला, "ए बुढिया! जरा नाच के दिखा!" आणि दोघा-तिघांचं हसणं.

मी आधी मागे पाहिलं. मग वर पाहिलं. कॅमेऱ्यानं माझ्याकडे मान वळवली.

"बुढिया आसंल तुझी आय!" म्हणाले आणि हातात होतं ते मारलं. हातात शेण होतं. नेम माझा लहानपणापासून चांगला आहे. कॅमेऱ्याच्या बरोबर डोळ्यात बसलं. आतून शिव्या ऐकू आल्या आणि मग आवाज बंद झाला.

मी त्याला फोन लावला. "तुझं यंत्र मला बुढी म्हणतंय."

तो हसला. "आत्या, भाऊ चेष्टा करीत असतील चाकणवरनं."

"माझा पोरगा मला हिंदीत बोलत न्हाई. भांडायचं असलं तर मराठीत भांडतो. तू ये."

आला. शेण बघून पुन्हा हसला. शिडी लावली, फडक्यानं डोळा पुसला. खाली उतरून मोबाईलवर काहीतरी बघायला लागला आणि त्याचं हसणं थांबलं. मग तो फाटकाकडे गेला. मीही मागोमाग गेले.

फाटकावरचा कॅमेरा रस्त्याकडे बघत नव्हता. त्याची मान पूर्ण उलटी, घराकडे फिरली होती. तिथे आमची न्हाणी आहे. तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूला पडदा, वर आभाळ. सून रोज सकाळी तिथेच अंघोळ करते.

तो न्हाणीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. पायरीवर बसला. तासभर मोबाईलमध्ये डोकं घालून होता. मग मला बोलावून एक फोटो दाखवला. त्याच्याच दुकानाच्या जाहिरातीचा होता, त्यानंच मोबाईलवर जगाला दाखवायला टाकलेला. हातात नवा कॅमेरा धरून हा हसतोय. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा नंबर वाचता येतोय. आणि मागे मीटरची पेटी उघडी. झाकणावर काळ्या शाईत कुकडी, एक दोन तीन.

"कॅमेरे घाऊक आणले व्हते, आत्या. नंबर एकापुढं एक. एक घावला की शेजारचा शोधायला नको."

तुम्हीही मोबाईल वापरता, म्हणून सांगते. आम्हाला सगळ्यांना एकच भीती घातलेली होती. कुणी फोन करून नंबर नाहीतर पासवर्ड मागेल, तो द्यायचा नाही. आम्ही कुणी दिला नाही. कुणी मागितलाच नव्हता. आम्हीच तो झाकणावर लिहिला, त्याचा फोटो काढला आणि चव्हाट्यावर लावला.

"हे कुणाकुणाला ठाऊक हाय?" मी विचारलं.

"तुमी आन् मी."

"हितनं बदलता येतंय सगळ्यांचं?"

"येतंय. एका दुपारचं काम."

"मग बदल आन् गप बस."

त्यानं कानावरचा टेस्टर काढला आणि हातात फिरवत बसला. "बदलले तरी पुन्हा माझ्याच ध्यानात ऱ्हाणार. आन् ज्यांच्या घरात बघितलं, त्यांना कळाया नको?"

"शंभर घरं गमवशील. तोंड दाखवाया जागा उरायची न्हाई."

"व्हय," तो म्हणाला. एवढंच.

मी त्याला येडा म्हणाले. त्याच्या जागी मी गप बसले असते. आमच्या पिढीच्या बायका पुष्कळ गोष्टींवर गप बसल्या, मीही बसले आहे, आणि त्यानं आभाळ कोसळलेलं नाही. पण तो ऐकेना.

तेवढ्यात सून ताकाचा पेला घेऊन बाहेर आली. ती त्याला दादा म्हणायची. त्यानं पेला घेतला, पण प्यायला नाही. उठून उभा राहिला आणि तिला सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, शब्द गोड केले नाहीत. चूक माझी हाय, म्हणाला. कुणी बघितलं, किती दिवस बघितलं, ते मला सांगता येत न्हाई, म्हणाला.

सुनेनं ऐकून घेतलं. मग त्याच्या हातातला भरलेला पेला परत घेतला आणि आत गेली.

त्या दिवसापासून न्हाणीवर गोधडी आली. आभाळाच्या बाजूनंसुद्धा. चोरी झाली तर काय गेलं ते मोजता येतं. इथे काहीच गेलं नव्हतं. भांडं भांड्याच्या जागी, बकरी बकरीच्या जागी. आणि तरी घरातली तरणी बाई स्वतःच्या दारात पदर सावरून चालायला लागली. ते कोण होते, हे आजतागायत कळलं नाही. पोलिसांकडे त्यानं स्वतः अर्ज दिला. त्यांनी लिहून घेतला.

सगळे कॅमेरे त्यानं त्याच दुपारी बंद केले आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघरी निघाला. दिवाळी नुकतीच झाली होती. प्रत्येक दारात तेच सांगायचं, चूक माझी हाय. आळे गावात एकानं कॅमेरा खेचून काढला आणि याच्या पायावर आदळला. फाट्यावर चहाच्या टपरीत लोक विचारायचे, "काय राव, आमच्या घरचा पिच्चर कसा वाटला?" कांद्याचे एक शेठजी, त्यांच्या गोदामाचं मोठं काम याला मिळणार होतं, ते म्हणाले, "भाऊ, धंद्यात खरं बोलावं, पण इतकं नाही." काम दुसऱ्याला गेलं. बऱ्याच घरांनी फाटकच उघडलं नाही. तिथे तो पुन्हा जायचा. तिसऱ्यांदाही जायचा.

आणि जिथे फाटक उघडायचं, तिथे ही पाठ फिरवण्याची गंमत सुरू व्हायची.

आता पासवर्ड त्याला ठाऊक असायलाच नको होता. घरातल्यांनी आपापला ठेवायचा. पण आमच्या म्हाताऱ्यांना इंग्रजी अक्षरं कुठली येणार? म्हणजे शब्द त्याला सांगावा लागणार आणि तो टाकणार. म्हणून त्यानं वायरच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले. त्यावर आपली मराठी अक्षरं आणि प्रत्येकाखाली इंग्रजी अक्षर असं स्वतःच्या हातानं लिहिलं. शंभरावर पुठ्ठे. प्रत्येक घराला एक. बघून बघून टाका, म्हणायचा, मला सांगू नका.

पण माणसाला गुपित मिळालं की ते सांगितल्याशिवाय त्याला चैन पडतं का? तो वळायच्या आत लोक सांगून मोकळे व्हायचे. पुरुषांनी बहुतेक ट्रॅक्टरचा नंबर टाकला. "टाकला बघ, ट्रॅक्टरचा नंबर! कुणाच्या बापाला कळायचा न्हाई!"

"ट्रॅक्टरवरच लिवलाय की, दाजी. बदला."

बायकांचं आणखी वेगळं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. तेव्हा जे नाव कधी उच्चारलं नाही ते सगळ्यांत मोठं गुपित, असा प्रत्येकीनं हिशेब केला. एका मळ्यातली वहिनी लाजत म्हणाली, "ह्यांचंच टाकलं, भावजी."

त्यानं कपाळाला हात लावला. "ह्यांचं म्हंजे कुणाचं ते साऱ्या गावाला ठाऊक हाय, वहिनी! फाटकावर पाटी हाय! दर हळदीकुंकवाला उखाण्यात घेता!"

"आगं बाई. मग सासऱ्यांचं टाकू?"

"मला सांगू नका!"

लोकांनी त्याची नक्कल सुरू केली. किराणाच्या दुकानात कुणी भाव सांगायला लागलं की गिऱ्हाईक पाठ फिरवून कानात बोटं घालायचं, "मला सांगू नका!" हसता हसता एक झालं, जी घरं त्याला फाटकात घेत नव्हती ती घेऊ लागली. हसलेल्या माणसावर फार दिवस रागावता येत नाही.

शेजारच्या मळ्यातली ती म्हातारी, आडोसा सुचवणारी, पुठ्ठा मांडीवर घेऊन कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. तो उसाकडे तोंड करून म्हणाला, "जे गावाला ठाऊक न्हाई ते टाका, मावशी."

ती म्हणाली, "गावाला ठाऊक न्हाई आसं माज्याकडं काय आसनार रं?"

"असंल. शोधा. मी हाय हुबा."

ती शोधत बसली. तो उभा राहिला. ऊन उतरलं तेव्हा ती "झालं" म्हणाली, आणि म्हणताना लाजली. तिचं काय सापडलं देव जाणे. मी विचारलं होतं. नाही सांगितलं. साठ वर्षांत तिनं माझ्यापासून लपवलेली ती पहिलीच गोष्ट.

आमच्याकडे तो सगळ्यांत शेवटी आला. होळी आठ दिवसांवर होती. फाटकाबाहेरच थांबला. म्हणाला, "वहिनींना विचारा, चालू करायचं का न्हाई. त्या नको म्हणल्या तर वायर गुंडाळून घिऊन जातो."

सुनेनं ऐकलं. ती बाहेर आली, त्याच्या हातातून मोबाईल घेतला, पुठ्ठा घेतला. तो रस्त्यापलीकडच्या उसाकडे तोंड करून उभा राहिला, कानांत बोटं. सुनेनं फाटकाच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड टाकला. ती बारावी शिकलेली, तिला किती वेळ लागणार? टाकला, मोबाईल माझ्या हातात दिला आणि घरात गेली. झालं म्हणाली नाही.

तो तसाच उभा. मला बोलता आलं असतं. मी मुद्दामच बोलले नाही. हे त्या दोघांचं होतं.

थोड्या वेळानं सून बाहेर आली. वळसा घालून त्याच्या समोर गेली आणि ताकाचा पेला पुढे धरला. त्यानं कानांतली बोटं काढली.

"दादा, झालं," ती म्हणाली. "फिरा आता."

त्यानं ताक उभ्यानंच संपवलं. मिशीला लागलेलं पुसलंसुद्धा नाही.

मग गोठ्याच्या कॅमेऱ्यासाठी माझी पाळी आली. मी पुठ्ठा घेऊन बसले. गावाला ठाऊक नाही असं काय? मला फार शोधावं लागलं नाही. आमच्या वेळी लग्नात मुलीचं नाव बदलायचे. तांदळावर नवं नाव लिहायचं, की जुनं संपलं. माझंही बदललं. सासरी ते जुनं नाव कुणाला माहीत नव्हतं, माहेरी जे हाक मारायचे ते एकेक करून गेले. कितीतरी वर्षांत ते नाव मी ऐकलं नव्हतं आणि लिहिलं तर त्याहून आधी, चौथीच्या पाटीवर.

तुम्ही म्हणाल, म्हातारी, गुपित फोडून बसलीस की. नाव कुठे सांगितलंय? ज्यांना ठाऊक होतं त्यांना विचारायला तुम्हाला आण्याच्या मसणवटीत जावं लागेल.

एकेक अक्षर शोधत होते. मध्येच मला आठवलं की हाही आण्याचा. याची आई मला विहिरीवर त्याच नावानं हाक मारायची. मी म्हणाले, "का रं, तुझी आई माझी आठवण काढायची, तवा नाव काय घ्यायची?"

तो गोठ्याच्या भिंतीला नाक लावून उभा होता. "ऐकू येत न्हाई, आत्या!"

ऐकू येत नव्हतं तर उत्तर कशाला दिलं? मी पुढे विचारलं नाही.

जाताना त्यानं पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "रोज त्याच अक्षरांवर बोट ठेवाल तर तीच मळतील. बघणाऱ्याला कळंल. मधनं मधनं सगळ्यांवरनं फिरवत जा." असा माणूस. पुठ्ठ्याच्या मळाचीसुद्धा काळजी.

गेल्या वर्षी तो गेला. दुकानात मोटर भरत बसला होता, तिथेच छातीत कळ आली. दशक्रियेला कुकडीच्या घाटावर माणूस मावेना. ज्यानं त्याच्या पायावर कॅमेरा आदळला होता तोही होता.

पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण खाली येईनात. लोक शब्द द्यायला लागले. पोरीचं लग्न आमी लावू. दुकान बंद पडू देणार न्हाई. शिडी इकणार न्हाई. कावळा हलेना. गुरुजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा माझी सून पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "दादा, आमी कुणी कुणाला सांगणार न्हाई."

लोक त्याही जागी हसले. आणि कावळा आला. सगळे म्हणाले, बघा. मी म्हणते, त्याला भूक लागली असेल. दुपार झाली होती.

एक मात्र खरं. माझं ते नाव ओळखू शकेल असं आता कुणीही राहिलेलं नाही. सुरक्षित सुरक्षित म्हणतात ते हेच असेल, तर मी आता पुरती सुरक्षित आहे.

परवा पावसाच्या आधी गोठ्याचा कॅमेरा बिघडला. फाट्यावरून नवा माणूस आला. बरा आहे, हात चलाख आहे. काम झाल्यावर मोबाईल पुढे करून म्हणाला, "आजी, पासवर्ड सांगा, मी टाकतो पटकन."

मी घरातून पुठ्ठा आणला.

"पाठ फिरव."

"काय?"

"तिकडं, भिंतीकडं तोंड कर. आन् कानात बोटं घाल."

त्यानं सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "फिरा. आमच्यात असंच असतं."

तो फिरला. बोटं नुसती कानाला टेकवली होती. मी काही सुरू केलं नाही.

"नीट घाल."

घातली. मग मी माझं नाव टाकलं, सावकाश, एकेक अक्षर. टाकून झाल्यावर पुठ्ठ्यावरच्या सगळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याच्या खांद्याला हात लावला.

"झालं," मी म्हणाले. "फिर आता."